लाल पट्टीची बाटली

सोमवारी सकाळी मी फ्रिज उघडून बाटल्या मोजल्या. हिरव्या पट्टीच्या बारा निघाल्या आणि लाल पट्टीच्या अकरा. मी परत मोजल्या. भाजीचा कप्पा ओढला, दुधाचं पातेलं उचलून मागे पाहिलं, थर्माकोलचा डबा उलटा करून झटकला. अकराच. करंगळीएवढ्या काचेच्या बाटल्या त्या. एखादी घरंगळून कुठे कोपऱ्यात सापडली असती तर मी देवाला नारळ फोडला असता.

आई ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. गाळणीचा दांडा तिनं दोन्ही तळव्यांमध्ये दाबून धरला होता, कारण बोटांनी तिला आता काही धरता येत नसे.

"आई, फ्रिजातल्या बाटल्यांले हात लावला काय तू?"

"मी काहून लावू?" ती म्हणाली. पण म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या बाटल्या माझ्या पीएच.डी.च्या कामाच्या होत्या. नागपुरातल्या औषधशास्त्राच्या एका कॉलेजात माझं तिसरं वर्ष चालू होतं. विषय मी आईवरूनच निवडला होता, हे मी मुलाखतीत सांगितलं नव्हतं. आईला आमवात होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. या आजारात शरीर आपल्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडतं. सांधे सुजतात, तापतात, हळूहळू वाकडे होतात. सूज उतरवणारी औषधं आहेत, जोरदार आहेत, पण ती एकदा रक्तात गेली की सगळीकडे फिरतात. बोटांसाठी घेतलेलं औषध हाडं ठिसूळ करतं, पोट बिघडवतं, चेहरा सुजवतं. मला ते औषध सुजलेल्या सांध्यापर्यंत नेऊन तिथंच सोडायचं होतं. त्यासाठी मी शरीरात आपोआप विरघळून जाणाऱ्या एका पॉलिमरचे कण बनवत होते, केसाच्या जाडीहून शेकडो पटींनी बारीक, आणि प्रत्येक कणाच्या पोटात सूज उतरवणारं स्टेरॉइड. सुजलेल्या जागी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना फटी पडतात. निरोगी जागी कण रक्तासोबत पुढे निघून जातात, सुजलेल्या जागी त्या फटींतून आत उतरतात आणि सावकाश औषध सोडतात. कागदावर तरी तसं होतं.

हे सगळं मी आईला एकदा जेवता जेवता सांगितलं होतं. ती चौथी शिकलेली, काटोलकडच्या खेड्यात जन्म गेलेला. बाबा गेल्यावर शेती माझ्या भावाकडे राहिली आणि ती माझ्याकडे नागपूरला, बेसाच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. तिनं घास तसाच हातात ठेवून ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे पत्ता लिहून लिफाफा टाकल्यासारखं म्हण नं."

तिचं म्हणणं तितकंसं बरोबर नव्हतं, पण तिला समजलं याचाच मला इतका आनंद झाला की मी फुशारकी मारली. म्हटलं, "हे औषध आलं नं, तर तुह्या पोटाले काहीच त्रास नाही होणार. ना मळमळ, ना तोंड येणं."

"कवा येईल?"

"येईल लवकर."

लवकर. औषध उंदरांपासून माणसांपर्यंत यायला किती वर्षं लागतात आणि बहुतेक औषधं वाटेतच कशी संपतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी तो शब्द माझ्या तोंडून गेला.

त्यानंतर ती मधूनमधून विचारायची. आधी गमतीनं, मग गमतीशिवाय. एकदा मी उंदरांच्या सुजलेल्या पंजांबद्दल काही सांगत होते तेव्हा ती मध्येच म्हणाली, "उंदराले देतेस, आपल्या मायले देत नाहीस." मी हसले. तीही हसली असं मला वाटलं होतं.

मग मे महिन्यातला तो शनिवार आला. दुपारी प्रयोगशाळेची वीज गेली. केबल जळाली होती आणि सोमवारशिवाय दुरुस्ती होणार नाही असं कळलं. आमचा फ्रिज जनरेटरवर नव्हता. बाहेर असं ऊन की खिडकीच्या गजाला हात लागला तर भाजावा. माझे मार्गदर्शक सर परिषदेसाठी परगावी गेले होते. त्यांना तीनदा फोन लावला, लागला नाही. माझ्यासमोर पाच महिन्यांचं काम कोमट होत चाललं होतं. मी चोवीस बाटल्या थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये रचल्या, डबा मांडीवर घेऊन मेट्रोनं सीताबर्डीपर्यंत आले, तिथे गाडी बदलली, पुढे ऑटो केला आणि बाटल्या घरच्या फ्रिजात ठेवल्या. प्रयोगशाळेतली वस्तू घरी न्यायची नसते, हा नियम पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. तो मलाही ठाऊक होता.

हिरव्या पट्टीच्या बाटल्या उंदरांना टोचण्यासाठी होत्या. लाल पट्टीच्या फक्त मोजमापासाठी, कणांचा आकार महिनोन्‌महिने तसाच राहतो की बदलतो हे पाहायला. त्यांत जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम अझाइड घातलेलं होतं. प्रयोगशाळेत ते अगदी थोडं वापरतात, पण ते विष आहे. थोडं पोटात गेलं तरी रक्तदाब खाली येतो, जास्त गेलं तर माणूस हातचा जातो. आईला मी यातलं काही सांगितलं नाही. "याले हात लावू नको," एवढंच बजावलं, लेकरांना बजावतात तसं.

आता मी तिच्या हातातली गाळणी काढून घेतली आणि तिला खुर्चीवर बसवलं.

"आई, खरं सांग. मी रागावत नाही. लाल पट्टीची बाटली घेतली तू?"

ती कपाळाला तळवा लावून म्हणाली, "चक्कर येऊन राहिली वं थोडी."

"कवा घेतली?"

"आत्ता. तू आंघोळीले गेली होती तवा."

"किती?"

"घोटभर. कडू लागली म्हून फेकून देल्ली."

"कुठं फेकली?"

"कचऱ्यात."

"लालच कायले घेतली? हिरव्या समोरच होत्या."

"डाक्टरच्या गोळीच्या पाकिटावर लाल रेघ राह्यते नं," ती म्हणाली. तिनं नीट विचार करून निवडली होती. "हिरवी म्हंजे झाडपाल्याची असंल. लाल पक्की."

मी कचऱ्याचा डबा उघडला. तो रिकामा होता, आत नवी पिशवी लावलेली. कचरागाडीचं गाणं मागच्या गल्लीतून ऐकू येत होतं. दवाखान्यात पहिला प्रश्न हाच विचारणार होते, किती पोटात गेलं. आणि आईच्या घोटभरवर माझा विश्वास नव्हता. शेजारच्या काकूंना हाक मारून आईपाशी बसवलं आणि तीन मजले अनवाणी उतरून धावले.

गाडी वळणावर होती. मागे हातमोजे घातलेली एक बाई पिशव्या आत टाकत होती. मी गाडीच्या कडेला धरून वर चढायला लागले तशी ती ओरडली, "ओ ताई, काय करून राहिल्या? सोनं गेलं काय?"

"बाटली. काचेची, लहान. आईनं विष घेतलं माह्या."

तिनं पत्र्यावर हात आपटून गाडी थांबवली, ते गाणं बंद करायला लावलं आणि म्हणाली, "कोणती बिल्डिंग? पिवळी? मंग वरच हाय." आम्ही दोघींनी चार पिशव्या फाडल्या. आंब्याच्या साली, चहाचा चोथा, उष्टं वरण. चौथ्या पिशवीत मला लाल पट्टी दिसली. बाटली पूर्ण रिकामी होती. तळाशी दुधट थेंब तेवढा शिल्लक होता. रबरी झाकणावर दातांचे वण होते. बोटांनी उघडेना, म्हणून आईनं ती दातांनी उघडली होती.

"जा लवकर," ती बाई म्हणाली. मी तिचे आभारसुद्धा मानले नाहीत.

ऑटोत आई माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती. तिच्या कपाळावर घाम होता, पण मे महिन्यात घाम कोणाला नसतो? मी तिच्या मनगटावर नाडी शोधत होते आणि मला माझीच नाडी लागत होती. मानेवाड्याच्या सिग्नलला ऑटो थांबला. लाल आकडे उलटे मोजत होते. आईनं डोळे न उघडता म्हटलं, "दवाखान्यात सांगू नको वं तुह्या कामाची बाटली होती म्हून. तुह्यं कालेज जाईल."

"तू बोलू नको."

"फिनेल पेली म्हून सांग. चुकून."

तिचं बोलणं मला बरं वाटलं, हेही इथं लिहायला हवं. क्षणभर मी खरंच हिशेब केला. रिकामी बाटली धुवायची, उरलेल्या अकरांतून थोडं थोडं काढून ती भरायची, लाल पट्टी चिकटवायची. चोवीसच्या चोवीस परत फ्रिजात. सरांना कधीच कळलं नसतं.

दवाखान्यात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होत्या. मी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. तोंडून आपोआपच खरं निघालं. तो शहाणपणा नव्हता, भीती होती. फिनेल म्हटलं असतं तर त्यांनी फिनेलवर उपचार केले असते.

"अझाइड?" त्या म्हणाल्या. "घरात? दुधाच्या शेजारी?"

"हो."

"प्रमाण किती?"

मी केसपेपरच्या मागे हिशेब मांडला. शेकडा किती, बाटलीत किती मिलिलिटर, म्हणजे किती मिलिग्रॅम. उत्तर दहा आलं. दहा मिलिग्रॅम. मी तो कागद डॉक्टरांकडे सरकवणार तेवढ्यात मला दशांशचिन्ह दिसलं, एक घर चुकलेलं. परत केला. एक. तिसऱ्यांदा केला. एकच. रोज असले हिशेब झोपेतही करणारी मी, तिथं मला एक आणि दहा यांची खात्री देता येत नव्हती. डॉक्टरांनी पेन माझ्या हातून घेतलं आणि स्वतः केला.

"एक," त्या म्हणाल्या. "रक्तदाब पडेल. किती पडतो ते पाहू. दुसरं काय होतं यात?"

"स्टेरॉइड. फार थोडं. आणि पॉलिमर. त्यानं काही होणार नाही."

"तुम्हाला खात्री आहे?"

उंदरांबद्दल होती. मी तसं म्हणाले. त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं.

आईला सलाइन लावलं. दंडाला पट्टा बांधून यंत्र दर काही मिनिटांनी आपोआप फुगत होतं आणि दर वेळी आकडा थोडा खाली येत होता. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून त्या आकड्यांकडे बघत होते. वरचा आकडा नव्वदच्या खाली गेला तेव्हा डॉक्टरांनी पलंगाची पायाकडची बाजू वर केली, सलाइन वाढवलं, फोनवर कोणाशी तरी बोलल्या. आईचे ओठ पांढरे पडले होते. तिनं मला खूण करून जवळ बोलावलं. मला वाटलं, काही शेवटचं सांगते आहे.

"गॅसवर चहा राह्यला," ती म्हणाली.

"बंद केला मी."

मी बंद केला होता की नाही, मला आठवत नव्हतं.

पुढची फुगवणी, आकडा तेवढाच. त्यापुढची, तेवढाच. मग दोन अंकांनी वर. दुपारी बाराच्या सुमारास तो शंभरवर आला आणि तिथं टिकला. डॉक्टर येऊन म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत ठेवू, पण धोका टळल्यासारखा वाटतो.

मग त्यांनी आईचे हात तपासले. एकेक सांधा दाबून पाहिला. प्रत्येक दाबाला आईचा चेहरा आक्रसत होता. "इतकी सूज? आमवाताची आठवड्याची गोळी चालू आहे ना?"

"चालू आहे," मी म्हणाले.

आई छताकडे पाहत होती.

"आजी, गोळी चालू आहे ना?"

"संक्रांतीपासून बंद हाय," आई म्हणाली.

चार महिने. मी दर महिन्याला गोळ्या आणून तिच्या डब्यात भरत होते. त्या ती कागदात बांधून कपाटात साड्यांखाली ठेवत होती, हे तिनंच तिथं सांगितलं. फेकवेनात म्हणे, औषधाचा अपमान होतो.

"काहून बंद केली?" माझा आवाज चढला. "काहून आई?"

"गोळी घेतली का दोन दिवस पोटात ढवळते. तोंडात फोड येते." ती सावकाश बोलत होती. "तू म्हणत होती नं, तुह्यं येऊन राह्यलं म्हून. म्हटलं, दोन-चार महिने कळ काढू. मंग तुह्यंच घेऊ."

डॉक्टर केसपेपर घेऊन बाहेर गेल्या.

मी त्या चार महिन्यांचा विचार करत राहिले. रोज सकाळी मी उंदराचा पंजा पाण्यात बुडवून त्याची सूज मोजत होते, अगदी बारीक फरकही वहीत टिपत होते. घरी आई पोळ्या लाटायची थांबली, मग भांडी उचलायची थांबली, मग गाळणी दोन तळव्यांत धरू लागली. आजार वाढतोय, असं मी समजून चालले. एकदाही तिचा हात हातात घेऊन पाहिला नाही.

दुपारी सरांचा फोन आला. शनिवारचे माझे फोन त्यांनी तेव्हा पाहिले होते. मी म्हणाले, आई आजारी आहे, दवाखान्यात आहे. त्यांनी काळजी घे म्हटलं आणि फोन ठेवला. दवाखान्याच्या कागदावर अझाइड लिहिलं होतं, पण तो कागद कॉलेजात कोण मागणार होतं? बाटली भरण्याचा तो विचार पुन्हा डोकावला. पण आता बाटली डोळ्यांपुढे आली की मला झाकणावरचे दातांचे वण दिसत होते. वीसेक मिनिटांनी मी परत फोन लावला.

मी सरांना पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"आई आता कशा आहेत?"

"रक्तदाब बरा आहे."

"उरलेल्या बाटल्या?"

"घरी. फ्रिजात."

"आज संध्याकाळी त्या घेऊन ये. एकही वापरायची नाही. चोवीसच्या चोवीस बाद." मग म्हणाले, "आणि जे मला सांगितलंस ते सगळं लेखी दे. मी तुला वाचवणार नाही, आणि बुडवणारही नाही. जे झालं ते लिही."

मी लिहिलं. कॉलेजच्या चौकशी समितीपुढे उभी राहिले. तिथं एका बाईंनी विचारलं, "तुमच्या आईच्या जागी शेजाऱ्याचं मूल असतं तर?" दोन महिने मला प्रयोगशाळेत पाय ठेवायला मनाई झाली. पाच महिन्यांचं काम पहिल्यापासून करावं लागलं. बरोबरीच्यांचे प्रबंध पुढे गेले, माझा मागे राहिला. मला जी शिक्षा मिळाली ती योग्यच होती. पण रात्रंदिवस डाचत राहिला तो माझा 'लवकर'.

त्या दोन महिन्यांत मी आईसोबत घरी होते. सांधेविकाराच्या डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, मळमळ कमी व्हावी म्हणून दुसरी एक गोळी जोडीला दिली. रविवारी गोळी घेतली की सोमवारी आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी भांडं धरून बसायचे. पहिले काही आठवडे आमच्यात फारसं बोलणं होत नव्हतं. ती माझ्यावर रुसली होती की माझी तिला लाज वाटत होती, की उलट, मला सांगता येत नाही. एकदा ती पडल्या पडल्याच म्हणाली, "त्या दिवशी घरी आल्यावर हात दुखत नव्हते माहे." मी म्हणाले, त्या दिवशी तुला हात आहेत हेच समजत नव्हतं. ती म्हणाली, "तसंही असंल." त्या बाटलीतल्या थोड्याशा स्टेरॉइडनं काही केलं असेल का, मला माहीत नाही. मला ते जाणून घ्यायचं होतं याची मात्र लाज वाटली.

प्रबंध शेवटी झाला. उंदरांच्या पंजांची सूज माझ्या कणांनी उतरली, साध्या औषधाहून बरी उतरली. पण कणांचा बराचसा भाग सांध्यात न जाता यकृतात जाऊन बसला. यकृत रक्तातली परकी वस्तू गाळून धरतं, आणि माझे कण त्याला परकेच वाटले. शेवटच्या तोंडी परीक्षेला आई मागच्या रांगेत बसली होती, पदरात हात लपवून. परीक्षकांनी यकृताबद्दलच विचारलं. मी म्हणाले, ही या कामाची सर्वांत मोठी उणीव आहे आणि मला ती दूर करता आलेली नाही.

घरी जाताना ऑटोत आईनं विचारलं, "ते साहेब पोटातल्या कशाबद्दल विचारत होते वं?"

मी तिला सांगितलं. या वेळी लिफाफा नाही, पत्ता नाही. जितकं झालं तितकं, आणि जे झालं नाही तेही. माणसांपर्यंत यायला दहा वर्षं लागतील, कदाचित पंधरा, कदाचित कधीच येणार नाही, हेही.

तिनं पदरातून हात बाहेर काढले.

"म्हंजे तुले येत नाही अजून."

"नाही येत, आई."

"बरं," ती म्हणाली. "मंग रस्त्यानं दुकान लागते, तिथं थांबव. गोळ्या सरल्या माह्या."